गोगलगायी व जीवोपजीवी कृमी : कोकणातील संशोधनाचा इतिहास

मृदुकाय प्राण्यांच्या संघातील उदरपाद वर्गात शंख असलेल्या गोगलगायींचा आणि कवच नसलेल्या किंवा कवचाचा केवळ अवशेष उरलेल्या गोगलगायींचा समावेश होतो. दुसऱ्या प्रकारच्या गोगलगायींना स्लग असेही म्हणतात. यांपैकी काही जाती मनुष्य, गुरे, मेंढ्या व वन्य प्राणी यांना रोग जडविणाऱ्या कृमींच्या मध्यस्थ पोषक आहेत. म्हणजे कृमीची प्रौढ अवस्था सस्तन प्राण्याच्या शरीरात आणि डिंभावस्था (अंड्यानंतरची, प्रौढाशी साम्य नसलेली पूर्वावस्था) गोगलगायीच्या शरीरात व्यतीत होते. मध्यस्थ पोषक मिळाला नाही, तर कृमीची अंडी पाण्यात किंवा जमिनीवर पडूनही वाया जातात. त्यामुळे अशा रोगाची भौगोलिक मर्यादा रोग्यांच्या संचारावर नव्हे, तर गोगलगायीच्या विशिष्ट जातीच्या अस्तित्वावर आणि तेथील तापमान व पाणी यांवर ठरते.

हे तत्त्व प्रथम यूरोपातील थंड व दमट कुरणांवर सिद्ध झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यातूनच मुंबई इलाख्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. ईजिप्त व मेसोपोटेमियातून परतणाऱ्या सैनिकांबरोबर आलेला बिल्हार्झिया रोग येथे मूळ धरू शकेल काय, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधण्यात मुंबईच्या संशोधकांची एक पिढी गुंतली होती. उत्तर मिळाले ते १९५२ मध्ये, रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहान गावी. आणि तेही निर्विवाद ठरले नाही.

जीवनचक्र : गोगलगायींवर अवलंबून असणाऱ्या कृमींचे दोन मोठे गट आहेत. पहिला गट पर्णकृमींचा. यांत गुरामेंढ्यांच्या यकृतातील पर्णकृमी (फॅसिओला) आणि रक्तवाहिन्यांत राहणारे शिस्टोसोमा वंशाचे कृमी महत्त्वाचे आहेत. पर्णकृमीचे अंडे विष्ठेतून किंवा मूत्रातून पाण्यात पडते. त्यातून मिरॅसिडियम हा केसल तंतूंच्या साहाय्याने पोहणारा डिंभ बाहेर पडतो. त्याला काही तासांच्या आत योग्य जातीची गोगलगाय गाठावी लागते. तिच्या शरीरात शिरल्यावर अलैंगिक प्रजोत्पादनाने एका डिंभापासून शेकडो, कित्येकदा हजारो पुच्छयुक्त डिंभ तयार होतात. त्यांना सर्केरिया म्हणतात. यकृतातील पर्णकृमीच्या सर्केरिया पाणवनस्पतींवर व गवतावर कोश तयार करून राहतात आणि चारणाऱ्या जनावराच्या पोटात जातात. शिस्टोसोमाच्या सर्केरियांची शेपटी टोकाला दुभंगलेली असते व त्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या किंवा जनावराच्या त्वचेतून सरळ आत शिरतात. पाणी पिण्याचीही आवश्यकता नसते. पाण्यात पाय असणे पुरेसे होते.

दुसरा गट फुप्फुसे, रक्तवाहिन्या व तंत्रिका तंत्र (मज्जासंस्था) यांत राहणाऱ्या काही सूत्रकृमींचा आहे. त्यांचे डिंभ पोषकाच्या विष्ठेतून जमिनीवर पडतात व ओलाव्यावर सरपटणाऱ्या गोगलगायीच्या पायात शिरतात. येथे डिंभांची संख्या वाढत नाही. ते केवळ पुढील अवस्थेपर्यंत विकसित होतात. पुढचा पोषक ती गोगलगाय खातो, तेव्हा चक्र पूर्ण होते. या गटात स्लगांना विशेष महत्त्व आहे.

शीत प्रदेशांतील आरंभीचे संशोधन : डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ यापेटुस स्टेनस्ट्रप यांनी १८४२ मध्ये पिढ्यांच्या एकांतरणाची कल्पना मांडली. गोगलगायींत सापडणारे सूक्ष्म जीव आणि गुरांतील कृमी या एकाच प्राण्याच्या भिन्न पिढ्या असू शकतात, असा तिचा आशय होता. तिचा संपूर्ण पुरावा मिळण्यास चाळीस वर्षे लागली. १८७९ सालचा उन्हाळा इंग्लंडमध्ये अत्यंत पावसाळी गेला आणि त्यापुढील हिवाळ्यात यकृतकृमीच्या रोगाने सु. ३० लाख मेंढ्या दगावल्या. या हानीमुळे सुरू झालेल्या संशोधनातून इंग्लंडमध्ये ॲल्जर्नन टॉमस आणि जर्मनीत रूडोल्फ लॉइकार्ट यांनी १८८१–८३ या काळात एकमेकांपासून स्वतंत्रपणे यकृतकृमीचे जीवनचक्र उलगडले. कुरणातील चिखलात राहणारी एक अगदी लहान गोगलगाय त्याची मध्यस्थ पोषक ठरली. पर्णकृमीचे पूर्णपणे ज्ञात झालेले हे पहिले जीवनचक्र होय.

थंड हवामानात या चक्राला एक ठळक मर्यादा असते. तापमान सु. १०° से. च्या खाली गेले की, अंड्यांची व गोगलगायीतील डिंभांची वाढ थांबते. गोगलगाय चिखलात निश्चल होऊन हिवाळा काढते आणि तिच्या शरीरातील डिंभही तिच्याबरोबर थांबून राहतात. वसंत ऋतूत दोघांची वाढ पुन्हा सुरू होते. या नियमितपणाचा उपयोग करून ब्रिटनमध्ये ऑलरेनशॉ व रोलंड्स यांनी १९५९ मध्ये पाऊस व बाष्पीभवन यांच्या मासिक आकड्यांवरून त्या वर्षी मेंढ्यांना होणाऱ्या यकृतकृमी रोगाचा अंदाज वर्तविण्याची पद्धत तयार केली.

याहून थंड प्रदेशात हेच तत्त्व अधिक स्पष्ट दिसते. कॅनडाच्या आर्क्टिक भागातील कस्तुरी-वृषभांच्या फुप्फुसांत आढळणारा एक सूत्रकृमी स्लग व लहान गोगलगायींच्या शरीरात वाढतो. तेथील उन्हाळा इतका अल्प असे की, डिंभाची वाढ पूर्ण होण्यास दोन उन्हाळे लागत. तापमान वाढल्यामुळे ही वाढ आता एकाच उन्हाळ्यात पूर्ण होऊ शकते, असे सूझन कुट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखविले. पोषक प्राणी व कृमी तेच राहिले. बदलली ती केवळ गोगलगायीच्या वाट्याला येणारी उष्णता.

भारतातील आरंभ : भारतात प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या अभ्यासासाठी १८८९ मध्ये पुणे येथे इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी ही संस्था स्थापन झाली. दाट वस्तीपासून दूर आणि थंड हवेच्या ठिकाणी काम करणे इष्ट वाटल्याने ती १८९३ मध्ये कुमाऊँ टेकड्यांतील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा उगम हाच होय. तेथे काम करणारे आर. ई. माँटगोमेरी यांनी १९०६ मध्ये भारतीय गुरे व इतर पाळीव प्राणी यांच्या रक्तवाहिन्यांतील शिस्टोसोमांचे वर्णन करून शिस्टोसोमा स्पिंडेल व शिस्टोसोमा इंडिकम या दोन नव्या जाती नोंदविल्या. पहिल्या जातीचे नाव तिच्या चातीसारख्या लांबट अंड्यांवरून पडले आहे. यामुळे गुरांचा शिस्टोसोमियासिस भारतात आहे, हे निश्चित झाले. पण त्याचा मध्यस्थ पोषक कोण, हे त्या वेळी माहीत होणे शक्य नव्हते. कारण कोणत्याही शिस्टोसोमाला गोगलगाय लागते, हेच तोपर्यंत सिद्ध झाले नव्हते.

मनुष्यातील शिस्टोसोमा टेओडोर बिलहार्ट्स यांनी १८५१ मध्ये कैरो येथे शोधला होता आणि त्यांच्याच नावावरून रोगाला बिल्हार्झिया हे नाव मिळाले. तथापि मिरॅसिडियम सरळ माणसाच्या त्वचेतून शिरतो, या आर्थर लोस यांच्या मताचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. १९१३ मध्ये मियाइरी व सुझुकी यांनी जपानमध्ये आणि १९१५ मध्ये रॉबर्ट लीपर यांनी ईजिप्तमध्ये गोगलगायीचा सहभाग दाखवून देऊन हे मत खोडून काढले. लीपर यांचे कार्य ब्रिटिश युद्धखात्याने सोपविले होते. ईजिप्तमधील सैन्याचे रक्षण करण्याचा उपाय पाण्यातील कोणत्या गोष्टीवर करावयाचा, हे त्यातून स्पष्ट झाले.

मुंबईतील कार्य : परळ येथे १८९९ मध्ये प्लेग संशोधनासाठी सुरू झालेली प्रयोगशाळा १९०६ पासून बाँबे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी या नावाने व १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. युद्धकाळात तिचे प्रमुख डब्ल्यू. ग्लेन लिस्टन होते. पश्चिम आशियातील रणक्षेत्रांवरून येणारे भारतीय व ब्रिटिश सैनिक प्रामुख्याने मुंबई बंदरातच उतरत. त्यांच्यापैकी काहींच्या मूत्रात बिल्हार्झियाची अंडी असत. ती येथील तळ्यांत व ओढ्यांत पडल्यास काय होईल, हे ठरविण्यासाठी स्थानिक गोगलगायींची पाहणी अपरिहार्य झाली.

हे काम एम्. बी. सोपारकर यांनी हाती घेतले. पद्धत साधी पण चिकाटीची होती. तळ्यांतून गोगलगायी गोळा करून काचेच्या भांड्यांत स्वच्छ पाण्यात वेगवेगळ्या ठेवावयाच्या, प्रकाशात बाहेर पडणाऱ्या सर्केरिया सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयाच्या आणि दुभंगलेल्या शेपटीच्या सर्केरिया इतरांपासून वेगळ्या काढावयाच्या. अशी सर्केरिया सापडली म्हणजे तिचा प्रौढ कृमी कोणता, हे ठरविणे बाकी राही. कारण सर्केरियेवरून माणसाचा शिस्टोसोमा व गुरांचा शिस्टोसोमा यांत भेद करणे कठीण असते. इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस या चकतीप्रमाणे सपाट वेटोळ्याच्या गोगलगायीतील सर्केरिया गुरांच्या शिस्टोसोमा स्पिंडेलची आहे, असे लिस्टन व सोपारकर यांनी १९१८ मध्ये जाहीर केले. सोपारकर यांनी तिचे सविस्तर वर्णन १९२१ मध्ये प्रसिद्ध केले. १९२२ मध्ये आर. बी. सीमूर सूअल यांनी भारतीय सर्केरियांवरील बृहद् ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या विषयाचा पाया पक्का झाला.

या शोधाचे महत्त्व दुहेरी होते. मुंबईच्या आसपासच्या पाण्यात दुभंगलेल्या शेपटीच्या सर्केरिया सापडणे म्हणजे मानवी रोगाचा पुरावा नव्हे, हे त्यातून कळले. दुसरीकडे, शिस्टोसोमाला अनुकूल अशी गोगलगाय, पाणी व उष्णता ही तिन्ही येथे आहेत, हेही कळले. ईजिप्तमध्ये मूत्राशयाच्या बिल्हार्झियाची मध्यस्थ असणारी बुलिनस वंशाची गोगलगाय मात्र भारतात मिळाली नाही. त्यामुळे हा रोग बाहेरून आला, तरी येथे टिकणार नाही, हे मत रूढ झाले व पुढे तीन दशके पाठ्यपुस्तकांत कायम राहिले.

१९२२ मध्ये मुंबईस आलेले ऑस्ट्रेलियन वैद्य नील हॅमिल्टन फेअर्ली यांनी या परिस्थितीचा वेगळा उपयोग केला. त्यांनी युद्धकाळात ईजिप्तमध्ये बिल्हार्झियाच्या निदानासाठी रक्तरसाची परीक्षा तयार केली होती. मुंबईत मानवी रोग नसला, तरी गुरांचा शिस्टोसोमा मुबलक होता. त्यालाच नमुना मानून त्यांनी रक्तपरीक्षा व औषधोपचार यांचे प्रयोग केले. हे कार्य फेअर्ली, एफ. पी. मॅकी व एफ. जसुदासन यांच्या शिस्टोसोमा स्पिंडेलवरील प्रबंधात १९३० मध्ये संकलित झाले. १९३० नंतरच्या काही वर्षांत मुक्तेश्वर व मद्रास येथील पशुवैद्यकांनी गुरांच्या नाकातील शिरांत राहणारा आणखी एक शिस्टोसोमा ओळखला. त्यामुळे बैल घोरल्यासारखा आवाज करतो व श्वास घेताना त्याला कष्ट पडतात. त्याची मध्यस्थ पोषकही मुख्यतः इंडोप्लॅनॉर्बिसच आहे.

कोकणातील ऋतुमान व अधिवास : कोकणातील गोगलगायी व कृमी यांचे वेळापत्रक शीत प्रदेशाहून निराळे आहे. उत्तर कोकणातील भिवंडी परिसर याचे उदाहरण म्हणून घेता येईल. कामवारी नदी, वऱ्हाळा तलाव, खाडीलगतची सखल जमीन, भाताची खाचरे व म्हशींचे गोठे हे या भागाचे जुने स्वरूप. त्यात यंत्रमागांच्या वस्त्या आणि पुढे मोठी गोदामे यांची भर पडली. वार्षिक पर्जन्य २,००० मिमी. पेक्षा अधिक असून तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. किनाऱ्यानजीकच्या या पट्ट्यात हिवाळ्यातही पाणी सामान्यतः १०° से. पर्यंत थंड होत नाही. म्हणून इंग्लंडातील कुरणावर जे काम थंडी करते, ते येथे थंडी करीत नाही.

ते काम येथे कोरडा उन्हाळा करतो. फेब्रुवारी-मार्चनंतर खाचरे व उथळ डबकी आटतात, तेव्हा पाण्यातील अनेक गोगलगायी चिखलात शिरून ग्रीष्मनिद्रा घेतात. ज्या तळ्यांत व नदीच्या डोहांत पाणी टिकते, तेथे त्यांची वस्ती दाट होते. नेमक्या याच ठिकाणी गुरे पाण्यावर येतात, कपडे धुतले जातात व मुले डुंबतात. अर्थात संसर्गाचा धोका पाणी सर्वत्र असते तेव्हा विखुरतो आणि पाणी कमी होते तेव्हा एकवटतो. भिवंडी असो वा गुहागर, एखाद्या तळ्याची पाहणी कोणत्या महिन्यात झाली यावर तिचा निष्कर्ष अवलंबून राहतो. पावसाळ्यात घेतलेल्या नमुन्यात संसर्गित गोगलगाय न आढळणे, याला फारसा अर्थ नसतो.

गुरांच्या यकृतकृमीतही असाच फरक आहे. हिमालयाच्या थंड भागात यूरोपातील फॅसिओला हिपॅटिका ही जाती आढळते, तर मैदानी भारतात व कोकणात तिच्याहून मोठी फॅसिओला जायजँटिका ही जाती आढळते. दोहोंच्या मध्यस्थ पोषक भिन्न आहेत. पहिलीची गोगलगाय ओल्या चिखलात राहते, तर दुसरीची मुख्यतः पाण्यात राहते. त्यामुळे इंग्लंडमध्ये कुरणाचा निचरा करणे हा प्रभावी उपाय ठरला. येथे भातशेतीसाठी पाणी साठविणे अपरिहार्य असल्याने तो तसाच्या तसा लागू पडत नाही.

गिमवीचा शोध : गुहागर तालुक्यातील गिमवी या गावी रक्तमूत्रतेचे रुग्ण आढळल्यावरून आर. के. गाडगीळ व एस. एन. शाह यांनी तेथे तपास केला. रुग्णांच्या मूत्रात त्यांना टोकाला काटा असलेली अंडी दिसली. ही मूत्राशयातील शिस्टोसोमा हिमॅटोबियमची खूण होय. रुग्ण त्याच गावचे रहिवासी असून रोग स्थानिक पाण्यातून होत असल्याचे निदान त्यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. परदेशातून रोग घेऊन आलेल्या व्यक्ती भारतात पूर्वीही नोंदल्या गेल्या होत्या. परंतु रोगाचे स्थानिक केंद्र म्हणून झालेली ही पहिली सप्रमाण नोंद होती. मूत्रातून रक्त जाण्याच्या तक्रारीची कारणे अनेक असतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाने मूत्र तपासले गेले नसते, तर एका खेड्यातील हे दुखणे इतर विकारांत सहज मिसळून गेले असते.

यापुढचा प्रश्न गोगलगायीचा होता. बुलिनस येथे नव्हती. गाडगीळ व शाह यांनी स्थानिक गोगलगायींवर मिरॅसिडियम सोडून प्रयोग केले व फेरिसिया टेन्युइस या जातीत संसर्ग होतो, असे १९५५ मध्ये मांडले. ही गोगलगाय काही मिमी. एवढीच असते. तिच्या शंखाला वेटोळे नसून तो उपड्या टोपीसारखा दिसतो. ती पाण्यातील दगडांना व गळून पडलेल्या पानांना चिकटलेली असते, त्यामुळे जाळीने गोगलगायी गोळा करणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते. पूर्वीच्या पाहण्यांत मोठ्या, वेटोळ्याच्या शंखांकडे लक्ष केंद्रित झाले होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे.

कृमी गिमवीला कसा आला, याविषयी तर्क केले गेले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातून सैन्यात व जहाजांवर मोठ्या संख्येने माणसे जात आणि आफ्रिका व अरबस्तान यांच्याशी कोकण किनाऱ्याचा व्यापार प्राचीन आहे. या मार्गांपैकी एखाद्या मार्गाने कृमी येणे संभवनीय आहे. परंतु केवळ संभव हा पुरावा ठरत नाही.

मतभेद : गिमवीच्या शोधाबाबत दोन मुद्द्यांवर मतभेद राहिले. पहिला मुद्दा गोगलगायीचा. आफ्रिका व पश्चिम आशिया येथे शिस्टोसोमा हिमॅटोबियम बुलिनस वंशाखेरीज सहसा वाढत नाही. त्यामुळे फेरिसियेची निवड अनेकांना शंकास्पद वाटली. याला एक जुने प्रतिउदाहरण आहे. पोर्तुगालच्या आल्गार्व्ह प्रांतात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असेच एक लहान केंद्र होते व तेथील मध्यस्थ पोषकही बुलिनस नसून प्लॅनॉर्बिस कुलातील एक निराळी गोगलगाय होती. ते केंद्र पुढे लुप्त झाले. दुसरा मुद्दा कृमीच्या ओळखीचा. काही संशोधकांनी गिमवीचा कृमी वेगळी जाती मानून त्याला शिस्टोसोमा गिमविकम असे नाव सुचविले. ते सर्वमान्य झाले नाही. नंतरच्या काळात गिमवीच्या कृमीचे जीवनचक्र प्रयोगशाळेत पुन्हा प्रस्थापित करण्याचे प्रयत्न झाले. १९९१ मध्ये गिमवी येथील लोकांच्या रक्तरसाच्या परीक्षेचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले. अशा परीक्षांतून पूर्वी झालेल्या संपर्काचा बोध होतो. परंतु गुरांच्या शिस्टोसोमांच्या सर्केरियाही माणसाच्या त्वचेत शिरू शकत असल्याने केवळ रक्तपरीक्षेवरून मूत्राशयाचा रोग चालू आहे, असे म्हणता येत नाही. त्यासाठी मूत्रातील अंडेच सापडावे लागते.

अलीकडील एका घटनेने या जुन्या वादाला नवे परिमाण दिले आहे. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरील काव्यू नदीत स्नान केलेल्यांना मूत्राशयाचा शिस्टोसोमियासिस झाल्याचे २०१४ मध्ये उघडकीस आले. तेथे बुलिनस पूर्वीपासून होती, रोग मात्र नव्हता. रुग्णांतील कृमी हा मानवी शिस्टोसोमा व गुरांचा शिस्टोसोमा यांचा संकर असल्याचे जनुकीय परीक्षेत दिसले. समशीतोष्ण प्रदेशातही बाहेरून आलेला कृमी स्थानिक गोगलगायीत रुजू शकतो आणि माणसाचे व गुरांचे कृमी हे नेहमीच अलग राहतात असे नाही, हे दोन निष्कर्ष त्यातून निघतात. लिस्टन व सोपारकर यांच्या काळी गुरांचा कृमी म्हणून जो विषय मानवी रोगापासून वेगळा काढण्यात आला होता, तो आता पुन्हा त्याच्याशी जोडला गेला आहे.

त्वचेची खाज : माणसाच्या त्वचेत शिरलेल्या गुरांच्या किंवा पक्ष्यांच्या शिस्टोसोमाच्या सर्केरिया बहुधा तेथेच मरतात व त्या जागी खाज सुटून पुरळ उठतो. डब्ल्यू. डब्ल्यू. कॉर्ट यांनी १९२८ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील थंड सरोवरात स्नान करणाऱ्यांना होणाऱ्या खाजेचे हे कारण प्रथम दाखविले. तेथे तो सुटीतील जलक्रीडेचा उपद्रव होता. भारतातील भातउत्पादक प्रदेशांत तो खाचरात दिवसभर उभे राहणाऱ्या शेतकऱ्याचा व्यावसायिक विकार आहे. खत, चिखल किंवा पाणी बाधले असे समजून त्याकडे दुर्लक्ष होते.

स्लग व उंदरांचा फुप्फुसकृमी : हाफकिन संस्थेतील संशोधनाचे दुसरे पर्व १९८० नंतर सुरू झाले. या वेळी विषय पाण्यातील नव्हे, तर जमिनीवरील गोगलगायींचा होता. अँजिओस्ट्राँगिलस कँटोनेन्सिस हा सूत्रकृमी उंदरांच्या फुप्फुसांतील रोहिण्यांत राहतो. चेन यांनी त्याचे वर्णन चीनमधील कँटन येथील उंदरांवरून १९३५ मध्ये केले. त्याचे जीवनचक्र मॅकेरास व सँडर्स यांनी १९५५ मध्ये ब्रिस्बेन येथे उलगडले, तेव्हा गोगलगायी व स्लग मध्यस्थ पोषक असल्याचे सिद्ध झाले. कच्ची गोगलगाय खाण्यातून किंवा तिचे तुकडे चिकटलेल्या कच्च्या भाजीतून डिंभ माणसाच्या पोटात गेल्यास ते मेंदूपर्यंत पोहोचतात व मस्तिष्कावरणशोथ (मेंदूवरील आवरणांची दाहयुक्त सूज) होतो.

मुंबईतील उंदीर व घुशी यांतील या कृमीच्या प्रमाणाची पाहणी डी. एम्. रेणापूरकर, एम्. के. भोपळे, एल्. एस्. लिमये व के. डी. शर्मा यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. १९८८ मध्ये बृहन्मुंबईतील मध्यस्थ व अंतिम पोषकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत लीव्हिकॉलिस आल्टे हा स्लग मध्यस्थ पोषक असल्याचे दिसून आले. पावसाळ्यात कुंड्यांखाली, ओल्या भिंतींवर व गटारांच्या कडेला दिसणारा हा काळपट, चपटा स्लग मुंबई परिसरातील लोकांच्या परिचयाचा आहे. केरळमधील मानवी रुग्णांची नोंद २००६ मध्ये प्रसिद्ध झाली.

या कृमीच्या बाबतीत शीत व उष्ण प्रदेशांतील विरोध पुन्हा प्रत्ययास येतो. त्याच वंशातील अँजिओस्ट्राँगिलस व्हॅसोरम हा कुत्र्यांचा व कोल्ह्यांचा कृमी यूरोपच्या समशीतोष्ण भागात स्लगांमार्फत पसरतो. कँटोनेन्सिसचा प्रसार मात्र मुख्यतः उष्ण व दमट प्रदेशांत आहे. धान्याची गोदामे, उंदीर, साचलेले पाणी व पावसाळी स्लग एकत्र येतात, अशी भिवंडी, कल्याण व मुंबई यांसारखी नागरी ठिकाणे त्याच्या चक्राला अनुकूल असतात. गोगलगाय कच्ची खाण्याची चाल महाराष्ट्रात नसल्याने माणसाला संसर्ग होण्याचा संभव अल्प राहतो. तथापि पालेभाजी नीट निवडून, धुऊन घेणे व लहान मुलांना स्लग हाताळू न देणे ही काळजी आवश्यक ठरते.

प्रतिबंध : जीवनचक्राची कडी कोठेही तोडता येते, पण प्रत्येक ठिकाणी तीच जागा सोयीची नसते. रुग्णावर प्राझिक्वांटेल या औषधाने परिणामकारक उपचार करता येतात व त्यामुळे अंडी पाण्यात पडणे थांबते. ताम्र सल्फेट व निक्लोसामाइड यांसारखी गोगलगायीनाशके प्रभावी असली, तरी ती मासे व इतर जलचरांनाही मारक असल्याने नदीत किंवा गावतळ्यात सरसकट वापरता येत नाहीत. शौचालये, नळाचे पाणी, गुरांसाठी स्वतंत्र पाणवठा आणि कपडे धुण्यासाठी घाटाऐवजी कट्टा या साध्या सोयींनी माणसाचा व संसर्गित पाण्याचा संपर्क कमी होतो. खाचरात उतरणे भाग असलेल्यांसाठी गुडघ्यापर्यंतचे बूट हा उपाय आहे, पण तो आर्थिक कुवतीवर अवलंबून राहतो.

मूल्यमापन : मुंबई व कोकण येथील या संशोधनातून एक गोष्ट प्रकर्षाने पुढे येते. एखाद्या प्रदेशात ज्ञात पोषक गोगलगाय नाही, एवढ्यावरून तेथे रोग होणार नाही, असे अनुमान काढणे सुरक्षित नाही. बुलिनसचा अभाव हे १९२० च्या सुमाराचे निरीक्षण खरे होते. त्यावर बेतलेला निष्कर्ष मात्र गिमवीने डळमळीत केला. शीत प्रदेशात तापमान वाढल्याने व समशीतोष्ण प्रदेशात प्रवासी माणसांमुळे कृमींच्या मर्यादा सरकत आहेत. कोकणात धरणे, कालवे व वाढती नागरी वस्ती यांमुळे पाणी साचण्याची ठिकाणे व त्यांचा वर्षातील कालावधी बदलत आहे. उन्हाळ्यात पूर्वी आटणारे पाणी बारमाही झाले की, गोगलगायींच्या मार्गातील येथला नैसर्गिक अडथळाही नाहीसा होतो. त्यामुळे रुग्णाचे मूत्र, गुराची विष्ठा व पाणवठ्यावरील गोगलगाय या तिन्हींची तपासणी एकाच वेळी व एकाच ठिकाणी करणे आवश्यक असते. सोपारकर यांच्या काचेच्या भांड्यांतील निरीक्षणांपासून गिमवीच्या तपासापर्यंत या क्षेत्रातील भरीव प्रगती अशाच एकत्रित कामातून झालेली आहे.